फॅशनवर लिहायचंय, तेही इंदुरात राहून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपड्यांवर लिहिते म्हटलं की राजेंद्रनगरातल्या काकूंपासून पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांपर्यंत सगळे जे विचारतात, ते इथे एका जागी ठेवलं आहे. काही प्रश्न मासिकांचा काळ पाहिलेल्यांचे आहेत. काही अशांचे, ज्यांनी फॅशन पहिल्यापासून मोबाइलवरच पाहिली. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

फॅशन पत्रकारिता म्हणजे काय? यंदा कोणता रंग चालतोय ते सांगणं?

तेही त्यात येतं, पण तो सगळ्यात लहान भाग. कापड कुणी विणलं, कुणी शिवलं, त्याला त्याचे किती मिळाले, दुकानात ते केवढ्याला लागलं, कुणाला परवडलं आणि माणसांना ते अंगावर का घालावंसं वाटलं, हा सगळा या विषयाचा आवाका आहे. यात बातमी येते, मुलाखत येते, समीक्षा येते आणि व्यापाराचं वृत्तही येतं.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसं गेली. परदेशी ब्रँडांचे कपडे तिथे शिवले जात. कुणासाठी शिवले जात, हे शोधायला ढिगाऱ्यात सापडलेली लेबलं उपयोगी पडली. कपड्याच्या आतल्या बाजूला शिवलेली ती इवलीशी पट्टी वाचता येणं हे आमचं काम आहे. रंगांची यादी नंतर.

याची सुरुवात कधी झाली?

फ्रान्समध्ये १६७२ साली सुरू झालेल्या 'मेर्क्यूर गालां' या नियतकालिकात दरबारातल्या पेहरावाच्या बातम्या येत, तिथून धरतात. अमेरिकेत 'हार्पर्स बझार' १८६७ चं, 'व्होग' १८९२ चं, तर कापडधंद्याचं रोजचं पत्र 'विमेन्स वेअर डेली' १९१० चं. आपल्याकडे किर्लोस्करांचं 'स्त्री' १९३० मध्ये निघालं. ते फॅशनचं मासिक नव्हतं, पण बाईने काय नेसावं, कसं वावरावं यावर मराठी घरांत जी चर्चा झाली तिला अशा मासिकांनी जागा दिली. इंग्रजीत 'फेमिना' १९५९, 'एल'ची भारतीय आवृत्ती १९९६, 'व्होग इंडिया' २००७.

पण इंदूरचा फॅशनशी संबंध काय? हे सगळं मुंबई-दिल्लीचं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण विचारणारा बहुतेक इंदूरचाच असतो.

आपल्या इंदूर संस्थानचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे. १९२९ मध्ये बर्नार बुते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांचं संध्याकाळच्या पाश्चात्त्य पोशाखातलं चित्र काढलं आणि काही वर्षांनी मराठा पोशाखातलं. हा चित्रकार पॅरिसच्या फॅशन-नियतकालिकांसाठी आणि 'हार्पर्स बझार'साठीही चित्रं काढत असे. यशवंतराव आणि महाराणी संयोगिताराजे यांची छायाचित्रं मॅन रे याने टिपली, तोही पुढे 'हार्पर्स बझार'साठी काम करणारा. त्यांच्या माणिकबाग राजवाड्याचा आराखडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराचा. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात यशवंतरावांवर स्वतंत्र प्रदर्शन भरलं. एका मराठी माणसाच्या अंगावरचा कपडा त्या काळी जगातल्या उत्तम नजरा न्याहाळत होत्या, आणि तो माणूस आपल्या गावचा होता.

त्याच्याही आधीचं महेश्वर. अहिल्याबाईंच्या आश्रयाने तिथे वाढलेली विणकरी आजही चालू आहे, इंदुरापासून जेमतेम ९० किलोमीटरवर. बाजाराचं म्हणाल तर एम.टी. क्लॉथ मार्केट, सीतलामाता बाजार आणि रेडिमेड कपड्यांचे कारखाने, सगळं गावात. मुंबईच्या लेखिकेला ज्या गोष्टीसाठी दोन दिवसांचा दौरा आखावा लागतो ती तुम्ही सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत येऊन करू शकता. यापेक्षा मोठं भांडवल या धंद्यात नाही.

ऑनलाइन आल्यावर नक्की काय बदललं?

पूर्वी पॅरिस-मिलानच्या शोला निमंत्रितांनाच जागा. तिथले कपडे सहा महिन्यांनंतरच्या हंगामाचे असत, आणि मासिकाचा अंक दोन-तीन महिने आधी तयार होत असल्याने वाचकापर्यंत काय पोचवायचं ते संपादक निवांत ठरवत. २००० मध्ये 'स्टाइल डॉट कॉम' आलं आणि शोमधला एकूण एक पोशाख पडद्यावर दिसू लागला. २००५ मध्ये स्कॉट शुमन यांनी 'द सार्टोरियलिस्ट' सुरू करून रस्त्यावरच्या माणसांचे फोटो घातले. २००७ मध्ये इम्रान अमेद यांनी 'बिझनेस ऑफ फॅशन' काढलं, ते धंद्याच्या अंगाने लिहिणारं. त्याच वर्षी आपल्याकडे 'हाय हील कॉन्फिडेन्शियल'ने सिनेतारकांच्या कपड्यांची रोजची दखल घ्यायला सुरुवात केली. २००९ च्या सप्टेंबरात मिलानमध्ये डोल्चे अँड गबानाने ब्लॉग लिहिणाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवलं. पुढच्याच महिन्यात अलेक्झांडर मॅक्वीनचा शो थेट प्रक्षेपित झाला, तेव्हा लेडी गागाच्या ट्वीटनंतर इतकी गर्दी लोटली की साइटच बंद पडली. पुढच्या वर्षी इन्स्टाग्राम आलं आणि पहिली रांग प्रत्येकाच्या हातात आली.

दार उघडलं याचा मला मनापासून आनंद आहे. इंदुरात बसून त्याच क्षणी तेच कपडे पाहणं माझ्या आधीच्या पिढीला शक्य नव्हतं.

पण पैशाची वाटही त्याबरोबर बदलली, आणि तिच्याकडे वाचकांचं फारसं लक्ष जात नाही. छापील मासिकात जाहिरात वेगळ्या पानावर असे. दबाव तेव्हाही होता, पण पान वेगळं दिसे. आता लेखातल्या कुर्त्यावर बोट ठेवलं की दुकान उघडतं, आणि तुम्ही खरेदी केलीत की लेख छापणाऱ्याला कमिशन मिळतं. 'नेट-अ-पोर्टे' हे दुकान २००० मध्ये मासिकासारखं दिसत सुरू झालं, आणि नंतर मासिकं दुकानासारखी दिसू लागली. "या १० साड्या तुमच्याकडे हव्यातच" अशी यादी वाचताना त्या दहाच का निवडल्या, हे विचारायला हवं. कित्येकदा उत्तर एवढंच असतं, की त्या दहांवर कमिशन होतं.

इन्फ्लुएन्सर आणि पत्रकार यांत फरक काय? दोघं कपड्यांबद्दलच बोलतात.

फॉलोअर किती किंवा डिग्री कोणती, यावर फरक ठरत नाही. बोलणाऱ्याला "हा कपडा घेऊ नका" असं म्हणण्याची मोकळीक आहे का, यावर ठरतो. मी अशा रील करणाऱ्या मुली पाहिल्या आहेत ज्या कापड उलटं करून शिवण दाखवतात, धुतल्यावर रंग किती गेला ते दाखवतात. माझ्या लेखी त्या पत्रकारच. आणि बायलाइन, म्हणजे लेखकाचं नाव, मिरवणारे असेही लेख वाचले आहेत, ज्यांत कंपनीचं प्रसिद्धिपत्रक स्वल्पविरामासकट उतरवलेलं असतं.

दुकानदाराने साडी भेट दिली आणि मी तिच्यावर रील केली. सांगावं लागतं का?

हो, लागतंच. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, याचे नियम १४ जून २०२१ पासून लागू केले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. रोख पैसेच नव्हेत, तर फुकट वस्तू, प्रवास, हॉटेलचा मुक्काम, सवलत हे सगळं त्यात येतं. जाहिरात आहे हे सुरुवातीलाच, ठळक आणि रील ज्या भाषेत आहे त्या भाषेत सांगायचं. खाली वीस हॅशटॅगांच्या गर्दीत ढकललेलं चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

इंदुरात अडचण येते ती ओळखीची. दुकानदार वडिलांचे मित्र असतात, "अगं घे, घरचंच आहे" म्हणतात. अशा वेळी साडी प्रेमाने घ्या, पण तिच्यावर लिहू नका. किंवा लिहा आणि भेट मिळाली हे पहिल्या ओळीत सांगा. तिसरा मार्ग नाही.

महेश्वरीवर लिहायचं आहे. काय बघू?

साडी हातात घ्या. फोटोवरून महेश्वरीवर लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

पारंपरिक गर्भरेशमीत उभे धागे रेशमाचे आणि आडवे सुताचे असतात. म्हणून ती चमकते, पण अंगावर हलकी राहते आणि मे महिन्यातही नेसवते. काठ दोन्ही बाजूंनी पाहा. महेश्वरीच्या काठाला उलटी बाजू जवळजवळ नसतेच, साडी दोन्हीकडून नेसता येते. काठावरची नक्षी लहर आहे, चटाई आहे, ईंट आहे की रुईफूल, ते ओळखायला शिका आणि मग महेश्वरच्या किल्ल्याच्या भिंतींवरचं कोरीव काम पाहून या. नक्षीचं मूळ तिथल्या दगडात दिसेल. पदरावर आडवे पट्टे असतात, रंगीत आणि पांढरे आलटून पालटून. आता साडीची कड उजेडासमोर धरा. हातमागावर कापड ताणून धरायला दोन्ही कडांना टोकदार पट्टी लावतात, तिच्या टोचल्याच्या बारीक खुणा कडेला बऱ्याचदा राहतात. यंत्रमागाच्या कापडाची कड अगदी एकसारखी, गुळगुळीत लागते. बाजारात यंत्रमागाचं कापड "महेश्वरी" म्हणून सर्रास विकलं जातं, तेव्हा ही ओळख वाचकाच्या थेट उपयोगाची. सरकारचा 'हँडलूम मार्क' २००६ पासून आहे, तो लावलेला आहे का तेही पाहा.

मग विणकराशी बोला. एका साडीला किती दिवस लागतात, मजुरी साडीवर मिळते की मीटरवर, सूत कोण पुरवतं, काठाची नक्षी कोण बसवतं, घरातलं आणखी कोण या कामात आहे आणि मुलं पुढे हे काम करणार आहेत का, हे सगळं विचारा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी महेश्वरात विणकरांसाठी रेहवा सोसायटी ही संस्था सुरू केली, तेव्हा तिथल्या मागांना पुन्हा बळ मिळालं. त्या बदलाचं बायकांच्या हातात काय पडलं, हे विणणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. आणि कृपा करून "अहिल्याबाईंचा वारसा" या दोन शब्दांवर लेख संपवू नका. वारसा आज किती रुपये रोजाने चालतो, ते लिहा.

फोटो मोबाइलवर काढले तर चालतील?

चालतील. खिडकीतला सकाळचा उजेड घ्या, फिल्टर लावू नका. रंग पडद्यागणिक वेगळा दिसतो, म्हणून कॅप्शनमध्ये तो शब्दांत सांगा. "मरून" लिहिण्यापेक्षा "पिकलेल्या जांभळाकडे झुकणारा लाल" लिहिलंत तर वाचकाला दिसेल. विणकराचा फोटो त्याला विचारूनच काढा आणि तो कुठे येणार आहे तेही सांगा. दुसऱ्याचा फोटो उचलून खाली "साभार" लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो, आणि पैसे देऊन काढून घेतला असेल तर वेगळा करार नसताना काढून घेणाऱ्याचा.

कोल्हापुरी चपलांचं प्रकरण ऑनलाइन लोकांनीच उघड केलं. मग पत्रकार हवेत कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला होत्या आणि कंपनीने त्यांचं वर्णन नुसतं चामडी सँडल असं केलं. आपल्या लोकांनी त्या पाहताक्षणी ओळखल्या. एवढा गदारोळ झाला की महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने कंपनीला पत्र लिहिलं, कंपनीने भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं आणि पुढच्या महिन्यात तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. समाजमाध्यमं नसती तर हे इतक्या वेगाने झालं नसतं, हे मी मनापासून मान्य करते.

पण संतापाची लाट ओसरल्यावर काय उरलं? कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. म्हणजे ही चप्पल एकट्या महाराष्ट्राची नाही, आणि त्या गदारोळात हे फार थोड्यांनी सांगितलं. मानांकनाने नावाला संरक्षण मिळतं, पण कंपनीने ते नाव वापरलंच नव्हतं. मग कायदा कुठवर पोचतो? वनस्पतींच्या सालीत कमावलेलं चामडं आज कोण तयार करतं? कारागिराच्या हातात जोडामागे काय पडतं? याची उत्तरं मिळवायला कुणीतरी त्या गल्लीत जाऊन बसावं लागतं आणि चार दिवस बातमी थांबवून धरावी लागते. पत्रकार हवेत ते यासाठी.

बोचरी समीक्षा लिहिली तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत, ना?

शक्य आहे. 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या कॅथी होरिन यांना २०१२ मध्ये सेंट लॉरें या फ्रेंच फॅशन कंपनीच्या शोला बोलावलं गेलं नाही. त्यांनी ऑनलाइन आलेल्या फोटोंवरून समीक्षा लिहिली आणि आपण तिथे नव्हतो हेही लिहिलं. डिझायनरने ट्विटरवर उत्तर दिलं. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या रॉबिन गिव्हान यांना २००६ मध्ये समीक्षेचं पुलित्झर मिळालं, फॅशनवर लिहिणाऱ्याला मिळालेलं ते पहिलंच. राजकारण्यांचे कपडे किती गंभीरपणे वाचता येतात, हे त्यांच्या लेखनात दिसतं.

एक पथ्य मात्र पाळा. कपड्यावर लिहा, शरीरावर नको. "ब्लाउजचा खांदा उतरतोय, कट चुकला आहे" ही समीक्षा झाली. "तिला शोभत नाही, जाड दिसते" हे चारचौघांतलं कुजकं बोलणं आहे, आणि ऑनलाइन आल्यापासून ते फार बोकाळलं आहे.

मराठीत लिहू की हिंदीत?

दोन्हीत लिहा. इंदूर हे हिंदी पत्रकारितेचं मोठं केंद्र. १९४७ मध्ये इथे सुरू झालेल्या 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते मराठी घरातलेच होते. रस्त्यावरचा वाचक हिंदी आहे, बाजारभाव आणि दुकानदारांच्या मुलाखती हिंदीत जास्त पोचतील. मराठीत मात्र एक मोठी मोकळी जागा आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लग्नांवर कुणी लिहीत नाही. इथल्या नवऱ्या नऊवारी नेसतात आणि स्वागत समारंभाला लेहंगा घालतात, मुंडावळ्या राजवाड्याजवळून घेतात, पैठणीसाठी येवल्याला जातात आणि आईची चंदेरी मोडून मुलीला अनारकली शिवतात. हा पेहराव पुण्याचा नाही, आणि माळव्याचाही पुरता नाही. त्याची नोंद आपण केली नाही तर कुणी करणार नाही.

शिक्षण कुठे घ्यावं?

देवी अहिल्या विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. निफ्टमध्ये, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत, फॅशन कम्युनिकेशनचा अभ्यासक्रम आहे. आपल्याला जवळचं केंद्र भोपाळचं, पण कोणत्या केंद्रात कोणता अभ्यासक्रम आहे ते प्रवेशाच्या वर्षी तपासा. दोन्हीपैकी काहीच जमत नसेल तर शिवणवर्गाला जा. कळी, डार्ट, उरेब कापणं हे हाताने केल्याशिवाय कपड्यावरचं लेखन वरवरचं राहतं.

यात पोट भरतं का?

सुरुवातीला नाही. शिकवणी, भाषांतर, दुकानांसाठी कॅटलॉग लिहिणं असं काहीतरी जोडीला ठेवावं लागतं. ज्या दुकानाचा कॅटलॉग लिहाल त्याच्यावर लेख लिहू नका, एवढं सांभाळा. आणि "एक्स्पोजर मिळेल" म्हणणाऱ्याला नम्रपणे दर विचारा.

आता एआय सगळं लिहून देतं, फोटोही करतं. मग?

२०२५ मध्ये अमेरिकन 'व्होग'मधल्या एका जाहिरातीतली मॉडेल एआयने बनवलेली निघाली आणि बराच वाद झाला. मला त्याहून जवळचा धोका दिसतो तो विक्रीच्या पानांवर, जिथे मागावर कधी चढलीच नाही अशी साडी फोटोत झळकते. काठाची नक्षी निऱ्यांच्या घडीत शिरून बाहेर येताना बदलते का, पदरावरच्या बुट्ट्यांचं अंतर सारखं आहे का, ते मोठं करून पाहा. यंत्र लिहू शकेल, पण कापडाचा पोत बोटांना कसा लागला हे त्याला ठाऊक नसतं.

ऑनलाइन लिहिलेलं टिकतं का?

कागदापेक्षा कमी. 'स्टाइल डॉट कॉम' २०१५ मध्ये त्या जुन्या रूपात बंद झालं. शोचे फोटो 'व्होग रनवे'कडे गेले, आणि त्या पत्त्यावर उघडलेलं दुकानही वर्षभरात गुंडाळलं. छोट्या साइट तर सांगायलाही उरत नाहीत. तेव्हा आपला प्रत्येक लेख फोटोंसकट स्वतःकडे जपा आणि इंटरनेट आर्काइव्हवरही त्याची प्रत करून ठेवा. शहरातल्या जुन्या मराठी वाचनालयांत मासिकांचे बांधीव खंड असतील तर जाऊन चाळा. जाहिरातींची पानं वगळू नका, भाव तिथेच सापडतात.

पहिला लेख कशावर लिहू?

तुमच्या गल्लीतल्या शिंप्यावर. लग्नसराईच्या आधी जा. यंदा ब्लाउजचा गळा कुठला मागतात, मोबाइलवर कुठला फोटो दाखवून मागतात, तो फोटो पाहून त्याला आधी काय वाटतं, अस्तराचा भाव काय झाला, पाच वर्षांपूर्वी शिलाई किती होती, रेडिमेड ब्लाउजांनी किती गिऱ्हाईक नेलं, ते सगळं विचारा. मिलानहून निघालेला गळा तुमच्या गल्लीत पोचेपर्यंत त्याचं काय होतं, ते त्याच्याइतकं नीट दुसरं कुणी सांगणार नाही. मजकूर ८०० शब्दांत बसवा आणि टाकण्याआधी आकडे त्याला वाचून दाखवा. दर चुकीचे गेले तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक भांडायला त्याच्या दुकानात जाईल.